संदर्भ कोणी तोडला? बाणावलीनंतरच्या एका विधानाचा अभ्यास

२०२१ साली गोवा विधानसभेचं पावसाळी अधिवेशन जेमतेम तीन दिवसांचं होतं, २८ ते ३० जुलै. पहिल्याच दिवशी पर्वरीच्या सभागृहात बाणावलीचा विषय निघाला. आदल्या रविवारी, २५ जुलैला, दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या त्या किनाऱ्यावर दोन अल्पवयीन मुलींवर सामूहिक बलात्कार झाला होता आणि त्यांच्यासोबतच्या मुलांना मारहाण झाली होती. चौघा आरोपींनी आपण पोलीस असल्याची बतावणी केली होती. चौघांनाही अटक झाली. त्यांतला एक सरकारी खात्यात चालक होता. घटनेबद्दल इथे एवढंच पुरेसं आहे.

आमदारांनी लक्षवेधी सूचनेच्या वेळी हा विषय मांडला आणि मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांनी उत्तर दिलं. गृहखातंही त्यांच्याकडेच होतं. त्यांच्या उत्तरातला वादाचा भाग थोडक्यात असा: चौदा वर्षांची मुलं रात्रभर किनाऱ्यावर राहतात तेव्हा पालकांनी आत्मपरीक्षण करायला हवं, मुलं ऐकत नाहीत म्हणून सगळी जबाबदारी सरकारवर आणि पोलिसांवर टाकता येणार नाही. पार्टीला दहा जण गेले, सहा घरी परतले, दोन मुलगे आणि दोन मुली रात्रभर किनाऱ्यावर राहिले, हा हिशेबही त्यांनी सभागृहात मांडला.

दुसऱ्या दिवशी हे देशभर पोचलं. काँग्रेसचे एल्टन डिकॉस्ता म्हणाले की रात्री बाहेर पडायला आम्ही का घाबरायचं, गुन्हेगार तुरुंगात असावेत आणि कायदा पाळणाऱ्यांनी मोकळं फिरावं. गोवा फॉरवर्ड पक्षाचे विजय सरदेसाई यांनी विचारलं की सुरक्षितता देता येत नसेल तर त्या खुर्चीवर बसण्याचा अधिकार काय. तेव्हा अपक्ष असलेले रोहन खंवटे यांनीही मुख्यमंत्री पालकांवर दोष ढकलत असल्याची टीका केली. दोन दिवसांच्या आत सावंत यांचा खुलासा आला: माझं विधान संदर्भ सोडून घेतलं गेलं. जबाबदार सरकारचा प्रमुख आणि चौदा वर्षांच्या मुलीचा बाप म्हणून या घटनेने मी व्यथित झालो आहे, कायद्याने दिलेला सुरक्षिततेचा हक्क मी कधीच नाकारला नाही, पोलिसांनी आरोपींना तातडीने पकडलं आहे.

पत्रकारितेकडे वळणाऱ्या मुलांशी बोलताना मी गेली काही वर्षं हेच प्रकरण घेते. याहून गाजलेली विधानं गोव्यात पुष्कळ झाली. पण बहुतेक वेळा 'संदर्भ तोडला' हा आरोप हवेत राहतो, कारण मूळ प्रसंग कुठेच जपलेला नसतो. पत्रकार घोळक्याने उभे असतात, मंत्री गाडीकडे चालत असतात, एक वाक्य निघतं आणि मग दोन्ही बाजूंनी आठवणींची लढाई होते. इथे तसं नाही. विधान सभागृहात झालं, कामकाजाच्या नोंदीत आलं, प्रश्न काय होता तेही नोंदीत आहे. आरोप तपासता येतो, आणि मग तो तपासलाच पाहिजे असं मला वाटतं.

आधी आरोपाची जात ओळखावी लागते. माध्यमांवर खापर फोडणारे नेते तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच आवाजात बोलतात. मी असं म्हणालोच नाही, ही एक. म्हणालो, पण अर्थ तो नव्हता, ही दुसरी. म्हणालो, अर्थही तोच, पण मागचं-पुढचं गाळून दाखवलं, ही तिसरी. पहिलीचा निकाल रेकॉर्डिंग ऐकून लागतो. दुसरीचा निकाल भाषेवर लागतो. तिसरीसाठी गाळलेला भाग परत जागेवर ठेवून बघावं लागतं, आणि तेच काम सहसा कोणी करत नाही.

जानेवारी २०१५ मधलं रमेश तवडकर यांचं प्रकरण पहिल्या दोन जातींचं होतं. ते तेव्हा क्रीडा व युवा व्यवहार मंत्री होते. १२ जानेवारीला, युवा दिनी, राज्याचं युवा धोरण जाहीर करताना ते एलजीबीटी तरुणांविषयी बोलले: त्यांना 'नॉर्मल' करू, मद्यपींसाठी असतात तशी केंद्रं काढू, प्रशिक्षण देऊ, औषधंही देऊ. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली होती, त्यामुळे गदारोळ होणारच होता. दुसऱ्याच दिवशी खुलासा आला की आपल्या तोंडी चुकीचं घातलं गेलं, आपण अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या आणि लैंगिक शोषणाला बळी पडलेल्या तरुणांबद्दल बोलत होतो. हा खुलासा शब्दांवर हरकत घेतो. पण ज्या धोरणाचं प्रकाशन चाललं होतं त्यात एलजीबीटी तरुणांचा वेगळा उल्लेख होता आणि प्रश्न त्यावरूनच आला होता. तिथे बोलणं चुकून दुसऱ्याच गटावर गेलं, हे पटायला अवघड आहे.

सावंत यांच्या खुलाशात शब्द नाकारलेले नाहीत. तक्रार तिसऱ्या जातीची आहे. म्हणून संदर्भ परत लावून बघू.

पहिला संदर्भ आजूबाजूच्या वाक्यांचा. बहुतेक मथळ्यांत आलं ते पालकांच्या आत्मपरीक्षणाचं वाक्य. नुसतं तेवढंच वाचलं तर एखादा वाचक म्हणेल, यात चुकलं काय, पालकांनी विचार करायलाच हवा. गोव्यातल्या कुठल्याही घरात 'भुरगीं आयकनात', म्हणजे मुलं ऐकत नाहीत, हे रोजचं वाक्य आहे. पण मथळ्यात न मावलेलं पुढचं वाक्य जबाबदारीचं होतं: मुलं ऐकत नाहीत म्हणून जबाबदारी सरकार आणि पोलिसांवर टाकता येणार नाही. वादाचं खरं मूळ तिथे आहे. पूर्ण उतारा दिला असता तर टीका सौम्य झाली नसती, उलट तिला जास्त नेमकी जागा मिळाली असती. दहातले सहा घरी गेले आणि चार राहिले हा हिशेबही गुन्हा कोणी केला हे सांगत नाही, घरी कोण गेलं नाही हे सांगतो. म्हणजे वाक्यांच्या पातळीवर संदर्भ गाळला गेला हे खरं आहे, पण गाळलेल्या भागाने विधानाचा बचाव होत नाही.

दुसरा संदर्भ प्रश्नाचा. लक्षवेधी सूचना म्हणजे तातडीच्या सार्वजनिक विषयावर मंत्र्याचं लक्ष वेधून सरकार काय करतंय हे वदवून घेण्याची सोय. तिला अपेक्षित उत्तर सरकारच्या कामाचं असतं: किनाऱ्यांवर रात्रीची गस्त किती, पोलीस ठाण्यात माणसं किती, तोतया पोलीस फिरतात तर ओळख पटवायची कशी. हेच वाक्य सावंत आपल्या साखळी मतदारसंघात एखाद्या शाळेच्या पालक मेळाव्यात बोलले असते तर त्याचं वजन वेगळं असतं. तिथे ते वडीलधाऱ्याचा सल्ला ठरलं असतं. सभागृहात गृहमंत्र्याने सरकारबद्दलच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणून ते आलं. बोलणारा कोण, कुठल्या खुर्चीवरून आणि कशाच्या उत्तरादाखल बोलतो हाच सगळ्यात मोठा संदर्भ, आणि बहुतेक बातम्यांत तो मुख्यमंत्री या एका शब्दात आटोपला गेला. विधान लक्षवेधीला दिलेलं उत्तर होतं हे पहिल्या परिच्छेदात आलं असतं तर वाचकाला ते का खुपतंय हे अर्ध्या वाक्यात कळलं असतं.

तिसरा संदर्भ घटनेचा, आणि माझ्या मते या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा. हल्लेखोर पोलीस म्हणून आले होते. पोलिसाला घाबरावं आणि त्याचं ऐकावं असं आपण मुलांना शिकवतो, त्याच शिकवणीचा त्यांनी वापर केला. 'मुलं ऐकत नाहीत' हे वाक्य या घटनेशेजारी ठेवून बघा. घटनेतली सगळ्यात भीषण बाब खाकीच्या धाकाची होती, आणि म्हणूनच प्रश्न थेट गृहखात्यापर्यंत जात होता. त्यात एक आरोपी सरकारी नोकर. जबाबदारी सरकारवर टाकता येणार नाही असं म्हणताना हा संदर्भ सुटला. तो बातमीदारांनी नाही, उत्तर देणाऱ्याने सोडला.

चौथा संदर्भ राज्याचा, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण बाहेरच्या वाहिन्यांना तो दिसलाच नाही. गोव्यात रात्र घराबाहेर घालवणं ही किनाऱ्यावरच्या पर्यटकांची आणलेली सवय नाही. जत्रेत पहाट होईपर्यंत दहीकाला आणि नाटक चालतं, आयांच्या मांडीवर पेंगणारी पोरं असतात. शिगम्यात, म्हणजे आमच्या होळीच्या सणात, रोमटामेळ ही ढोल-ताशांची मिरवणूक रात्री निघते. चवथीच्या दिवसांत वाड्यावरची मुलं घुमट हे वाद्य घेऊन घरोघरी आरत्या करत मध्यरात्र उलटवतात. सासष्टीत फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, रात्री तियात्र हे कोकणी नाटक संपल्यावर माणसं चालत घरी जातात. आमच्या पिढीला रात्रीची ओळख अशीच झाली. म्हणून पोरगी रात्री बाहेर का, हा प्रश्न आमच्याकडे ज्या कानांवर पडला ते कान वेगळे होते. खंवटे यांच्या टीकेतही हाच सूर होता, की महिलांसाठी सुरक्षित राज्य ही गोव्याची ओळख पुसली जातेय. बाहेर हे प्रकरण 'नेते आणि स्त्रियांविषयीची विधानं' या ठरलेल्या खणात गेलं. इथे ते आपल्या रात्री कोणी हिरावून घेतल्या या दुःखाशी जोडलं गेलं.

आता माध्यमांकडे. आरोप न टिकण्याने आमची बाजू आपोआप स्वच्छ होत नाही. गोव्यातल्या मराठी डेस्कवर बातमी कशी घडते ते सांगते. आपल्या विधानसभेत कोकणी, मराठी, इंग्रजी तिन्ही चालतात, कित्येकदा एकाच उत्तरात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय वापराची मुभा राहिली, त्यामुळे मंत्री एका वाक्यात कोकणीत सुरू होतो, आकडे इंग्रजीत देतो आणि शेवट मराठीत करतो, यात कोणाला नवल वाटत नाही. वार्ताहर टिपणं मराठीत घेतो. वृत्तसंस्थेची प्रत इंग्रजीत येते. रात्री दहाला वार्ताहराची बातमी आली नसेल तर उपसंपादक इंग्रजी प्रत समोर ठेवून मराठी करतो. म्हणजे आपल्याच माणसाचं आपल्याच भाषेतलं बोलणं इंग्रजीचा फेरा घालून आपल्याकडे परत येतं.

या फेऱ्यात शब्दांची धार बदलते. इंग्रजी प्रतीतलं 'इंट्रोस्पेक्ट' मराठीत 'आत्मपरीक्षण' होतं. मराठी बातम्यांत आत्मपरीक्षण कोण करतं? निवडणूक हरलेला पक्ष, बुडालेली संस्था, दोषी ठरलेला अधिकारी. त्या शब्दाला पराभवाचा आणि अपराधाचा वास आहे. पालकांनी 'विचार करावा' आणि पालकांनी 'आत्मपरीक्षण करावं' यांत फरक आहे. मीही वर तोच शब्द वापरला, कारण मराठीत ही बातमी त्याच शब्दाने ओळखली जाते. मुलांना मी सांगते की विधान वादग्रस्त ठरणार असं क्षणभर जरी वाटलं तरी मूळ भाषेतलं वाक्य जसंच्या तसं, अवतरणात, बातमीत घाला, खाली मराठी द्या. मराठी वाचकाला कोकणी वाक्य कळतं. त्याला ते न देणं ही आमची आळशी सवय आहे, आणि नेत्याला 'संदर्भ तोडला' म्हणायला जागा तिथेच मिळते.

खुलाशाच्या बाबतीतही आमचं चुकतं. विधान पहिल्या पानावर आणि खुलासा आत, किंवा खुलासा मोठा पण मूळ उतारा शेजारी नाही. दोन्ही प्रकारांत वाचकाला तुलना करता येत नाही. खुलाशाच्या दिवशी मूळ विधान पुन्हा पूर्ण छापायला हवं, प्रश्नासकट. शब्द शेजारी शेजारी आले की निवाडा वाचक करतो, आपण विशेषणं लावायची गरज उरत नाही.

कायद्याच्या बाजूने पत्रकार इथे बऱ्यापैकी भक्कम उभा असतो, हे नव्या मुलांना माहीत नसतं आणि ती उगाच बिचकतात. संसदेच्या कामकाजाचं खरं वृत्त देणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा फिरोज गांधी यांच्या प्रयत्नाने १९५६ मध्ये झाला. आणीबाणीत तो गेला, १९७७ मध्ये परत आला, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-अ घालून विधिमंडळांच्या वृत्तालाही तेच संरक्षण मिळालं. अट दोनच: वृत्त मुळातून खरं हवं आणि द्वेषबुद्धीने दिलेलं नको. गुप्त बैठकीचं वृत्त त्यात बसत नाही. आणीबाणीत ज्या गोष्टी काढून घ्याव्याशा वाटल्या त्यांतली ही एक, एवढं लक्षात ठेवलं तरी तिचं मोल कळतं.

खापर फोडण्याची आणखी एक पद्धत मनोहर पर्रीकर यांच्याकडे बघायला मिळाली. १० नोव्हेंबर २०१६ ला दिल्लीत एका पुस्तक प्रकाशनात ते संरक्षणमंत्री म्हणून अण्वस्त्रांच्या 'प्रथम वापर नाही' या धोरणावर बोलले. स्वतःला आधीच बांधून का घ्यायचं, असा त्यांचा सूर होता. त्याच दमात त्यांनी सांगून ठेवलं की हे माझं मत आहे, सरकारी धोरण बदललेलं नाही, नाहीतर उद्या पर्रीकर म्हणाले धोरण बदललं अशी बातमी झळकेल. दोष घडण्याआधीच त्यांनी माध्यमांच्या पदरात घातला. तरीही बातमी झाली आणि संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला. माझ्या मते ती होणं योग्य होतं. संरक्षणमंत्र्याला अण्वस्त्रांवर खासगी मत नसतं, जसं गृहमंत्र्याला लक्षवेधीच्या उत्तरात खासगी बापपण नसतं. पर्रीकरांनी निदान संदर्भ स्वतः दिला होता, आणि ज्या बातम्यांनी तो गाळला त्यांच्याविरुद्धची त्यांची तक्रार रास्त ठरली असती. सावंत यांच्या विधानात तशी एक ओळ असती, की पालकांबद्दल बोलतोय पण पोलिसांची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही, तर मी हा अभ्यास वेगळा लिहिला असता. ती ओळ खुलाशात आली. उत्तरात नव्हती.

टीका करणाऱ्यांनाही हाच नियम लावायला हवा. सरदेसाई यांनी स्वतः फेब्रुवारी २०१८ मध्ये, नगरनियोजन मंत्री असताना, देशी पर्यटकांविषयी इतके कडवट शब्द वापरले होते की उत्तर भारतात संताप उसळला. खंवटे डिसेंबर २०२१ मध्ये भाजपमध्ये गेले आणि २०२२ मध्ये सावंत यांच्याच मंत्रिमंडळात पर्यटनमंत्री झाले. यामुळे त्यांची जुलैमधली टीका खोटी ठरत नाही. पण प्रतिक्रिया छापताना माणूस त्या दिवशी कुठे बसला होता हे लिहायला हवं, कारण पुढे कोणी ते पान उघडेल तेव्हा त्याला प्रतिक्रियेचाही संदर्भ लागेल.

या सगळ्यात एक पक्ष असा होता ज्याच्याबद्दल आम्ही बातमीदारांनी फार कमी विचार केला. मुख्यमंत्र्यांना खुलासा करता आला. विरोधकांना प्रत्युत्तर देता आलं. संपादकांना अग्रलेख लिहिता आले. त्या मुलांच्या घरच्यांना यातलं काहीच करता येत नव्हतं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ पीडित मुलांची ओळख माध्यमांत उघड होऊ देत नाही, आणि ते तसंच असायला हवं. पण त्यामुळे दहातले सहा घरी गेले, चार राहिले हा हिशेब भर सभागृहात झाला तेव्हा तो खोडायला, त्यात भर घालायला, आम्ही त्या रात्री काय केलं हे सांगायला ती घरं पुढे येऊ शकत नव्हती. पुढे आली असती तर मुली ओळखल्या गेल्या असत्या. बाणावलीसारख्या गावात तर नाव न छापताही वय, पार्टी, सोबतची मुलं एवढ्यावरून वाडा ओळखतो. म्हणूनच मी वर्गात हे प्रकरण घेते तेव्हा शेवटचा तास याच घरांवर असतो. विद्यार्थ्यांना मी त्या आठवड्यातली एक बातमी लिहायला सांगते: विधान, खुलासा, प्रतिक्रिया सगळं घालून. मग प्रत्येकाने आपली बातमी त्या दोन घरांपैकी एका आईच्या जागी बसून वाचायची. बहुतेकांच्या हातून दहा जणांच्या पार्टीचा हिशेब पहिल्यांदा खोडला जातो. काहीजण तो ठेवतात, कारण मुख्यमंत्री सभागृहात तेच बोलले होते आणि तेच तर वादाचं मूळ होतं. त्यावर आमचं दर वर्षी भांडण होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही.